पेडल कडक झालं म्हणजे बूस्टर गेला असं नव्हे: जुन्या पिकअपचा ब्रेक तपासण्याचा क्रम

महूला मांडवाचं सामान उतरवून आमची पिकअप रिकामी परत येत होती. राऊजवळून आतेभावाचा फोन आला. "गाडी बाजूला लावलीय. पेडल दाबलं की भिंतीवर पाय दिल्यासारखं वाटतंय. पहिल्यांदा ब्रेक लागतो, पण लागोपाठ दोन-तीनदा दाबला की लागतच नाही."

गाडी डिझेलची, नऊ वर्षं वापरलेली, आमच्याकडे येऊन जेमतेम चार महिने झालेले. एका मिस्त्रीला दाखवली. त्यानं पेडल एकदा दाबून बघितलं आणि बोनेट न उघडताच निकाल दिला, "भिया, बूस्टर गया." बूस्टर, म्हणजे पेडल दाबताना पायाला मदत करणारा बोनेटखालचा गोल डबा, गेलेला नव्हता. दोष शेवटी हातभर लांबीच्या रबरी पाइपात निघाला. तिथं पोचायला आम्हाला तीन दिवस लागले, ते केवळ चुकीच्या टोकाकडून सुरुवात केल्यामुळे. आतेभावाच्या त्या एका वाक्यात अर्धं निदान होतं, ते मी तेव्हा नीट ऐकलं नाही. म्हणून हा क्रम सविस्तर लिहून ठेवतोय. इंदूरमध्ये आपल्यापैकी कितीतरी जणांचा धंदा जुन्या लोडिंग गाडीवर चालतो. मांडववाले, केटरर, चोइथराम मंडीतून भाजी उचलणारे, सांवेर रोडच्या कारखान्यांना माल पोचवणारे, यांच्यातल्या एकाला जरी हे वेळेवर उपयोगी पडलं तरी लिहिल्याचं चीज झालं.

चालत्या गाडीत पेडल कडक झालं तर

पेडल मऊ पडून खाली जातं, तेव्हा ते भराभर पंप केलं की थोडाफार ब्रेक परत येतो. ही सवय आपल्या पायात मुरलेली असते. कडक पेडलला हीच सवय घात करते. बूस्टरमध्ये जो काही व्हॅक्यूम (हवा ओढून काढल्यानं होणारी पोकळी, तिच्याच बळावर तो मदत करतो) शिल्लक असतो, तो प्रत्येक दाबागणिक खर्च होतो. त्यामुळे पंप करायचं नाही. एकदाच, पूर्ण जोर लावून दाबायचं, गरज पडली तर दोन्ही पायांनी, आणि सोडायचं नाही. सोबत गिअर एकेक करून खाली आणायचा, हँडब्रेक हळूहळू ओढायचा. इंजिन मात्र चालूच ठेवायचं.

उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करून चावी बंद करणारे ड्रायव्हर आजही आहेत. खंडवा रोडवरचा भेरूघाट किंवा ए.बी. रोडवरचा गणपती घाट उतरताना असं करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. इंजिन बंद झालं की बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच साठा उरतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. तुमच्या गाडीवर ड्रायव्हर ठेवला असेल, तर ही गोष्ट त्याला समोर बसवून सांगा.

आणि पेडल कडक झालेली गाडी दुरुस्तीलाही चालवत नेऊ नका. मिस्त्रीला घरी बोलवा किंवा गाडी टोचन करून न्या. टोचनही दोरीनं नको, कारण मागच्या गाडीला ब्रेकच नाही. क्रेननं उचलून किंवा दुसऱ्या गाडीवर चढवूनच न्यावी.

"कडक" म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरवा

ड्रायव्हर "ब्रेक कडक झालाय" म्हणतो तेव्हा त्यामागे तीन वेगळ्या तक्रारी असू शकतात. एक, पेडल खाली जातच नाही आणि गाडीही थांबत नाही. दोन, पेडल नेहमीसारखंच जातं, पण गाडी थांबायला जास्त जोर लागतो. तीन, सकाळी सगळं ठीक असतं, पण गाडी जसजशी चालते तसतसं पेडल वर येत जातं, कडक होतं आणि चाकं धरायला लागतात. पहिली तक्रार बहुतेक वेळा व्हॅक्यूमची असते. दुसरी चाकात घासून ब्रेक लावणाऱ्या शू-पॅडची किंवा मागच्या लोड व्हॉल्व्हची (भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब बदलणारी झडप). तिसरी मास्टर सिलिंडरची (पेडलच्या जोरानं ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग), त्याला ढकलणाऱ्या पुशरॉडची किंवा ब्रेक ऑइलची. चालवणाऱ्याला नीट विचारा: पहिल्याच दाबाला कडक लागतं की तिसऱ्या? थंड गाडीत की गरम झाल्यावर? रिकाम्या गाडीत की भरलेल्या? ही पाच मिनिटांची चौकशी पुढचे पाच तास वाचवते.

बूस्टरचं काम

पेडलच्या पुढे, बोनेटखाली जो काळा गोल डबा असतो तो बूस्टर. आत रबरी पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात. पेडल सोडलेलं असतं तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम असतो. पेडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते, पुढच्या बाजूला व्हॅक्यूम तसाच राहतो, आणि हवेचा दाब पडद्याला मास्टर सिलिंडरकडे ढकलतो.

ही मदत किती मोठी असते त्याचा हिशोब मांडून बघा. ९ इंची बूस्टरच्या पडद्याचं क्षेत्रफळ साधारण ४१० चौरस सेंटिमीटर. व्हॅक्यूम ६५० मिलिमीटर पारा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.८८ किलो जोर मिळतो. गुणाकार साडेतीनशे किलोच्या वर जातो. व्हॅक्यूम निम्मा झाला की ही मदतही निम्म्यावर येते, आणि शून्य झाला की सगळा भार तुमच्या मांडीवर. पेडल दगडासारखं का लागतं, ते यातून कळतं. ब्रेक गेलेला नसतो, ब्रेकचा मदतनीस गेलेला असतो.

पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्यूम इंटेक मॅनिफोल्डमधून मिळतो. जुन्या डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप नसते, त्यामुळे तिथं व्हॅक्यूम तयार होत नाही. म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत डायनामाच्या, पाठीलाच बसवलेला असतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

म्हणजे वाट अशी: पंप, तिथून रबरी पाइप, मध्ये किंवा बूस्टरच्या तोंडाशी एकाच दिशेनं हवा जाऊ देणारा वन-वे व्हॉल्व्ह, आणि मग बूस्टर. या वाटेवर बूस्टर शेवटी येतो, किंमत त्याचीच सगळ्यात जास्त असते, आणि नेमका तोच सगळ्यात आधी बदलला जातो. तपासणी पंपाकडून सुरू करा.

हत्याराशिवायच्या तीन चाचण्या

गाडी सपाट जागी लावा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे द्या, गिअर न्यूट्रल. हँडब्रेकवर एकट्यावर विसंबू नका, कारण ज्या गाडीच्या ब्रेकवर शंका आहे तिच्या हँडब्रेकवरही असायलाच हवी.

पहिली चाचणी. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. साठा संपेल आणि पेडल वर येऊन कडक होईल. आता ते मध्यम जोरानं दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पायाखाली पेडल थोडं खाली सरकलं पाहिजे. सरकलं तर मदत पोचतेय. जागचं हललं नाही तर ती पोचत नाहीये.

दुसरी. इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा. अर्धा मिनिट थांबा. पेडल सावकाश दाबा आणि सोडा, असं तीनदा. पहिला दाब खोल जायला हवा, दुसरा त्याहून वर, तिसरा आणखी वर. पहिलाच दाब कडक लागला तर साठा टिकत नाही: वन-वे व्हॉल्व्ह, त्याचं रबर किंवा बूस्टर गळतोय.

तिसरी. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा आणि तसंच धरून इंजिन बंद करा. तीस सेकंद पेडलची उंची बदलता कामा नये. ते पायाला वर ढकलू लागलं तर बूस्टरच्या आत गळती आहे.

हे करताना कान डॅशबोर्डखाली ठेवा. पेडल दाबताना क्षणभर "फुस्स" होणं साहजिक आहे, ती हवा आत शिरण्याची वाट आहे. पण पेडल दाबून धरल्यावरही फुसफुस चालूच राहिली, किंवा पेडल सोडलेलं असताना ती ऐकू आली, तर बूस्टरच्या आतला व्हॉल्व्ह किंवा पडदा फाटलेला असण्याची शक्यता दाट आहे.

आमच्या गाडीनं या तिन्ही चाचण्या स्वच्छ पार केल्या. सकाळी, थंड इंजिनावर, अंगणात. मी निर्धास्त झालो, आणि चुकलो तो तिथंच. चाचण्या खऱ्या आहेत, पण त्या सावकाश केल्या जातात आणि सावकाशपणात एक दोष लपतो. त्याकडे येतोच.

पंप, बेल्ट आणि तेल

पहिली चाचणी नापास झाली तर बोनेट उघडून पहिली नजर बेल्टवर टाका. पंप डायनामाला जोडलेला असेल तर बेल्ट सैल झाल्यावर दोघंही मंदावतात. पेडल कडक होणं आणि मीटरमध्ये बॅटरीचा लाल दिवा लागणं एकाच वेळी घडत असेल, तर दोन बिघाड शोधत बसू नका, बेल्ट बघा. बेल्ट तुटला तर ब्रेकची मदतही त्याच मिनिटाला संपते. डायनामावाल्या पंपाच्या गाडीत जादा बेल्ट सीटखाली ठेवलाच पाहिजे.

पंपाला इंजिनाचं तेल लागतं. एक बारीक पाइप तेल आणतो, दुसरा जाड पाइप ते परत नेतो. आतली पाती तेलावरच चालतात आणि तेलानंच फटी बंद राहतात. इंजिन ऑइल वेळेवर बदललं नसेल तर बारीक पाइपाच्या तोंडाशी, पोकळ बोल्टच्या भोकात, कीट बसतं. पंप कोरडा चालतो, पाती झिजतात, खडखड ऐकू येते. नवा पंप बसवताना तो पाइप आणि बोल्टचं भोक साफ केलं नाही, तर नवाही तसाच जातो. डायनामा तेलानं माखलेला दिसला तर दोघांमधलं सील गेलंय असं समजा.

आता मोजमाप. व्हॅक्यूम गेज, म्हणजे व्हॅक्यूम मोजायचं मीटर, ही महागडी वस्तू नाही, आणि ब्रेकचं काम करणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीकडे ती असावी असं मला मनापासून वाटतं. पंपाच्या तोंडाशी गेज थेट लावा आणि इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता, चालू ठेवा. काटा एका मिनिटाच्या आत चढून स्थिर व्हायला हवा. इथं इंदूरच्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो. आपलं शहर माळव्याच्या पठारावर, सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथं तो ७१० च्या आसपास भरतो. जो पंप मुंबईत ७०० दाखवेल तोच इथं ६५० दाखवेल, आणि त्यात दोष काहीच नसेल. तुमच्या गाडीच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच खरा. नसेल तर डिझेलच्या पंपाला इथं ६०० च्या वर आकडा आला की मी तो ठीक धरतो, ५०० च्या खाली आला की पंप उघडायला सांगतो. गेजवर इंच असतील तर २५.४ नं गुणा. पेट्रोल गाडीत आयडलला ४०० ते ५०० हा नेहमीचा आकडा आहे, तो बघून घाबरू नका.

पंप चांगला, तरी बूस्टरशी व्हॅक्यूम कमी, असं दिसलं तर त्या वाटेवर दुसरं कोण पाणी पितंय ते बघा. कॉमन रेल डिझेल गाड्यांत टर्बोचा अॅक्च्युएटर (टर्बोचा जोर कमी-जास्त करणारा भाग) किंवा ईजीआरचा व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) हे बऱ्याचदा त्याच पंपावर चालतात. त्यांच्या पेन्सिलीएवढ्या नळ्या उष्णतेनं तडकतात. एकेक नळी चिमट्यानं दाबून बंद करा. जी बंद केल्यावर काटा चढेल, गळती त्या बाजूला.

गळती शोधायला साबणाचं पाणी लावू नका. पंक्चर शोधताना ते चालतं कारण तिथं हवा बाहेर येते. इथं ती आत ओढली जाते, बुडबुडा येणारच नाही. त्याऐवजी दोन-तीन फूट रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं टोक जोडांवरून फिरवा. गळतीशी आलं की आवाज एकदम मोठा होतो. बेल्ट आणि पंख्यापासून मात्र हात, बाही, ओढणी लांब.

आमचा पाइप

तीन दिवस आम्ही मास्टर सिलिंडर, शू, पॅड, सगळं बघत बसलो. मग माझं लक्ष बूस्टरकडे गेलं. सगळं इंजिन धुळीनं आणि तेलानं काळं, आणि बूस्टर मात्र नवाकोरा. म्हणजे हाच त्रास आधीच्या मालकालाही होता, त्यानं बूस्टर बदलला, त्रास गेला नाही आणि त्यानं गाडी विकली. जुन्या गाडीतला नवा भाग नेहमी निरखून बघावा, आधी कुणी काय शोधत होतं ते तो सांगतो.

त्या संध्याकाळी गाडी गरम असतानाच दोन गेज लावली, एक पंपाशी आणि एक टी-जोड घालून बूस्टरच्या तोंडाशी, वन-वे व्हॉल्व्हच्या आत. इंजिन आयडलला. दोन्ही काटे ६३०-६४० वर. आतेभावाला म्हटलं, लागोपाठ तीनदा दाब, रस्त्यावर दाबतोस तसं. बूस्टरचा काटा दोनशेच्या खाली कोसळला, आणि परत चढायला त्याला पाऊण मिनिट लागलं. पंपाचा काटा तेवढ्या वेळात जागचा हललाही नाही.

चित्र स्पष्ट झालं. पंपाची ताकद शाबूत, बूस्टर गळत नाही, पण दोघांमधली वाट चिंचोळी. साठा एकदा रिकामा झाला की तो वेळेवर भरत नाही. म्हणून पहिला दाब उत्तम आणि तिसरा दगड. आतेभावानं फोनवर हेच तर सांगितलं होतं.

पाइप काढून उभा चिरला. आतला रबरी थर धाग्यांच्या थरापासून सुटून जिभेसारखा लोंबत होता. बूस्टर बदलताना कोणीतरी व्हॅक्यूमचा पाइप न घालता रेडिएटर-हीटरला लागतो तसला पाण्याचा पाइप कापून बसवला होता. पाण्याच्या पाइपाला आतून बाहेर दाब सोसायचा असतो, तर व्हॅक्यूमच्या पाइपाला बाहेरून आत. त्याची भिंत जाड, चिवट आणि तेलाला टिकणारी लागते, कारण पंपाच्या तेलाची वाफ त्याच्यातून जाते. पाण्याचं रबर तेलानं फुगतं, गरम झालं की मऊ पडतं, आणि ओढ बसली की आतून मिटतं. सकाळी थंड असताना ते ताठ असतं, म्हणून माझ्या तिन्ही चाचण्या पास झाल्या.

यावरून एक चौथी चाचणी मी आता कधीच चुकवत नाही. गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवून नीट तापवा. मग जागेवर उभी करा, इंजिन आयडलला, आणि दर दोन सेकंदांना एक असे चार दाब द्या. चौथा दाब पहिल्याच्या जवळपास लागला तर वाट मोकळी आहे. कडक लागला तर पाइप बदला. गेज नसेल तर पाइपावर हात ठेवून दाबायला सांगा. कधी कधी तो चपटा होताना बोटांना जाणवतो, पण आतला थर सुटला असेल तर बाहेरून काहीच कळत नाही.

नवा पाइप घेताना दुकानात "ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पाइप" असंच मागा, गाडीचं मॉडेल सांगून. जुना तुकडा नेऊन "याच्या मापाचा कुठलाही द्या" म्हणू नका. या पाइपाची किंमत बूस्टरच्या पासंगालाही पुरत नाही. लांबी मूळ पाइपाएवढीच ठेवा, वळणावर मोडू देऊ नका, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब बांधा.

वन-वे व्हॉल्व्हही त्याच वेळी काढून बघा. बूस्टरकडच्या तोंडातून फुंकलं तर हवा पंपाकडे गेली पाहिजे, पंपाकडून फुंकलं तर अजिबात जाता कामा नये. अंगावर बाण असेल तर त्याचं टोक पंपाकडे. फुंकण्याआधी पुसून घ्या, आणि तोंड लावायची किळस वाटत असेल तर नळीचा तुकडा जोडा. उलटा बसवलेला व्हॉल्व्हही मी एका गाडीत पाहिलाय, तिथं पेडल पहिल्या दिवसापासून दगड होतं.

बूस्टरवर शिक्का कधी मारायचा

पंप भरघोस, पाइप नवा, व्हॉल्व्ह चोख, तरी तिसरी चाचणी नापास. मग बूस्टर. गेजनं खात्री करा: बूस्टरशी पूर्ण व्हॅक्यूम भरू द्या, इंजिन बंद करा, पंधरा सेकंद काटा बघा. २५ मिलिमीटरपेक्षा जास्त घसरला तर गळती आहे. आधी पेडल न दाबता आणि मग दाबून, दोन्ही प्रकारे बघा.

बदलण्याआधी आणखी एक. मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडून तो पाइप न ताणता जरासा पुढे ओढा आणि जोडाच्या आत बोट फिरवा. ब्रेक ऑइल लागलं तर मास्टरचं मागचं सील गळतंय आणि ऑइल बूस्टरमध्ये चाललंय. बाटलीतलं ऑइल कमी होतं पण जमिनीवर थेंब पडत नाही, ते याचमुळे. अशा वेळी नुसता बूस्टर बदलला तर नवाही सहा महिन्यांत सुजेल. मास्टरही बदलायला हवा. बूस्टरमध्ये इंजिन ऑइल सापडलं तर ते पंपाकडून आलंय.

बूस्टर घरी उघडू नका. आत मोठी स्प्रिंग दाबून बसवलेली असते. आणि रस्त्याकडेला खोलून किट घातलेल्या बूस्टरवर मी तरी भरलेली गाडी सोडणार नाही.

मदत पोचतेय, तरी कडकच

आता शोध पुढे सरकतो. आधी पेडल स्वतः मोकळं आहे का बघा. बूस्टरच्या रॉडची पिन काढून ते हातानं हलवा. पावसाळ्यात बुडलेल्या गाडीत पेडलचा बुश गंजून धरलेला असतो. पिन परत घालताना तिची खिळ विसरायची नाही.

मग चाकांकडे. मदतनीस पेडल दाबून धरेल, तुम्ही एका चाकाचं ब्लीडर निप्पल (ब्रेकमधली हवा आणि ऑइल बाहेर सोडायचा छोटा पोकळ बोल्ट) पारदर्शक नळी लावून अर्धा आटा सोडा. ऑइल जोरात आलं आणि पेडल खाली गेलं तर तिथपर्यंतची वाट मोकळी. नुसतं थेंबथेंब आलं तर त्या चाकाचा रबरी ब्रेक पाइप आतून मिटलाय किंवा लोखंडी पाइप कुठंतरी चेपलाय. चारही चाकं करा. निप्पल बंद केल्याशिवाय पेडल सोडू नये, नाहीतर हवा शिरते. ऑइल डोळ्यात जाऊ देऊ नका, रंगावर पडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

ऑइलवर शंका असेल तर बाटलीतले चार थेंब पाण्याच्या ग्लासात टाका. डॉट ३, डॉट ४ ऑइल पाण्यात विरघळतं. वर तवंग राहिला तर कोणीतरी इंजिनाचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल ओतलंय. त्यानं मास्टरपासून व्हील सिलिंडरपर्यंतची सगळी रबरं फुगतात, ऑइल परत येत नाही, चाकं धरतात. यावर अर्धवट उपाय नाही: सगळी रबरं आणि रबरी पाइप बदलायचे, लोखंडी पाइप धुऊन घ्यायचे.

गाडी तापल्यावर चाकं धरत असतील तर मास्टरचे दोन्ही नट दीड-दोन मिलिमीटर सैल करा. चाकं सुटली तर बूस्टरचा पुशरॉड लांब आहे किंवा पेडलला फ्री प्ले (ब्रेक लागायच्या आधीची मोकळी हालचाल) उरलेला नाही. बूस्टर बदललेल्या गाडीत हे फार वेळा सापडतं. नट परत आवळल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही.

पेडल ठीक जातं पण जोर लागतो, ही दुसरी तक्रार असेल तर ड्रम उघडा. शूचे लायनर काचेसारखे चकचकीत झालेत का, ॲक्सलच्या सीलमधून तेल आलंय का, कॅलिपरच्या पिना सरकतात का. ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा, ती छातीत जाणं वाईट.

पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलवर एक लोड व्हॉल्व्हही असू शकतो, ज्याचा दांडा गाडी भारानं बसली की हलतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. जास्त माल भरता यावा म्हणून लोक मागच्या स्प्रिंगला जादा पाटे (पोलादी पट्ट्या) टाकून घेतात. मग भरलेली गाडी बसतच नाही, व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी लागतो. ड्रायव्हर म्हणतो, ब्रेक कडक झाला. दांडा गंजलेला किंवा तारेनं बांधलेला दिसला तर तो आधी सोडवा, आणि पाटे वाढवले असतील तर व्हॉल्व्हचं सेटिंग पुस्तकाप्रमाणे करून घ्या.

गाडी घेण्याआधी

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस घ्यावं लागतं, पण कागदाच्या भरवशावर ब्रेक सोडू नका. विकणाऱ्याला सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नको. बोनेटला हात लावा, गरम लागलं तर कारण विचारा. थंड गाडीवर पहिल्या तीन चाचण्या करा, मग तिला फिरवून तापवा आणि चार दाबांची चाचणी करा. दोन्ही लागतात. आम्ही फक्त थंड गाडीवरच्या केल्या होत्या.

दुरुस्तीनंतर आमची गाडी आधी रिकाम्या मैदानात वीसच्या वेगानं थांबवून बघितली, मग चाळीसच्या. त्यानंतर मांडवाचे निम्मे पाइप भरून, आणि मग पूर्ण भार घालून. प्रत्येक वेळी चार दाब. पाचशे किलोमीटर झाल्यावर पाइपाच्या दोन्ही क्लिपा परत आवळल्या, एक थोडी सैल झालेली होती. नव्या पाइपावर आतेभावानं पांढऱ्या रंगानं तारीख लिहून ठेवलीय.